कॅब्रेरा की ट्राउट? बेसबॉलपटूची किंमत आकड्यांनी कशी जोखावी

हा वाद मी पहिल्यांदा घातला तो डेट्रॉइटच्या एका उपनगरात, दिवाळीच्या फराळाच्या ताटावर, आणि सपशेल हरलो. साल २०१२. आदल्याच गुरुवारी बेसबॉलच्या दोन मोठ्या लीगपैकी अमेरिकन लीगच्या एमव्हीपीचा, म्हणजे मोसमातल्या सर्वांत मोलाच्या खेळाडूचा, निकाल लागला होता. २८ पैकी २२ मतदारांनी पहिली पसंती डेट्रॉइट टायगर्सच्या मिगेल कॅब्रेराला दिली होती आणि ६ जणांनी एंजल्स संघाच्या माइक ट्राउटला. मी म्हटलं, ट्राउटवर अन्याय झाला. समोर तीस वर्षं डेट्रॉइटमध्ये काढलेले एक काका बसले होते. त्यांनी चकलीचा तुकडा मोडला आणि म्हणाले, "अरे, ०.३३०, ४४ आणि १३९. अजून काय पाहिजे तुला?" म्हणजे कॅब्रेराची बॅटिंग सरासरी ०.३३०, ४४ होम रन (आपल्या षटकारासारखे, चेंडू थेट कुंपणापलीकडे) आणि १३९ आरबीआय (त्याच्या फटक्यांवर आलेल्या धावा).

माझ्याकडे उत्तर होतं ते एवढंच: "पण ट्राउटचा वॉर जास्त आहे." वॉर म्हणजे काय, तो कसा काढतात, हे विचारल्यावर माझी बोबडी वळली. दुसऱ्याने मांडलेली बेरीज आपल्याला सोडवता येत नसेल तर ती वादात काढू नये, हे तिथे कळलं. मग हिवाळाभर बसून मी ती बेरीज स्वतः केली. ती कशी करायची ते इथे पायरीपायरीने सांगतो. क्रिकेटवर वाढलेल्या कुणालाही ती जमेल. कागद-पेन आणि फोनवरचा कॅल्क्युलेटर पुरतो.

आधी प्रश्न ठरवा

"मोलाचा" या शब्दात किमान तीन वेगळे प्रश्न दडलेले असतात. या मोसमात सगळ्यांत चांगला कोण खेळला? कुणाच्या खेळामुळे त्याच्या संघाचं सगळ्यांत जास्त भलं झालं? आणि पुढच्या वर्षी पैसे मोजून मी कुणाला घेईन? निम्मे वाद रंगतात ते दोघे दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरं देत असतात म्हणून.

गंमत म्हणजे मतदान करणाऱ्या पत्रकारांच्या हातात पडणारी सूचनाही हा गुंता सोडवत नाही. मोलाचा म्हणजे काय याची पक्की व्याख्या नाही, ते मतदाराने ठरवावं, असं तिथे सरळ म्हटलेलं असतं. मात्र दोन गोष्टी स्पष्ट आहेत. फलंदाजी आणि क्षेत्ररक्षण दोन्हींचं बळ धरायचं, आणि खेळाडूचा संघ पुढच्या फेरीत गेलेला असलाच पाहिजे अशी अट नाही.

मी पहिला प्रश्न घेतो: मोसमात घडलेल्या खेळाची किंमत. तुम्ही दुसरा घेतलात तरी चालेल, फक्त मधेच बदलू नका. आणि "ट्रिपल क्राउन मिळाला की एमव्हीपी आपोआप" असं कुणी म्हणालं तर टेड विल्यम्सचं नाव काढा. सरासरी, होम रन आणि आरबीआय या तिन्हींत लीगमध्ये पहिला येण्याचा पराक्रम त्याने १९४२ आणि १९४७ असा दोनदा केला. एमव्हीपी दोन्ही वेळा दुसऱ्यालाच मिळाला, आणि १९४७ साली तर जो डिमॅजिओपेक्षा एकच गुण कमी पडला.

सगळे आकडे एका कागदावर घ्या

वाद घालण्याआधी दोघांचे कच्चे आकडे शेजारी शेजारी लिहा. आपल्या माणसाचे चांगले आणि समोरच्याचे वाईट असं वेचून नाही, सगळेच.

कॅब्रेरा, २०१२: १६१ सामने, ६९७ प्लेट अपिअरन्स, ६२२ ॲट-बॅट, २०५ हिट्स (४० डबल, एकही ट्रिपल नाही, ४४ होम रन), ६६ वॉक, ३ वेळा अंगावर चेंडू, १३९ आरबीआय, ४ स्टोलन बेस, २८ वेळा डबल प्लेत सापडला.

ट्राउट, २०१२: १३९ सामने, ६३९ प्लेट अपिअरन्स, ५५९ ॲट-बॅट, १८२ हिट्स (२७ डबल, ८ ट्रिपल, ३० होम रन), ६७ वॉक, ६ वेळा अंगावर चेंडू, ८३ आरबीआय, ४९ स्टोलन बेस आणि ५ वेळा पकडला गेला, ७ वेळा डबल प्ले.

प्लेट अपिअरन्स म्हणजे फलंदाज जितक्या वेळा खेळायला उभा राहिला ती सगळी संख्या. त्यातून वॉक, अंगावर बसलेले चेंडू, सॅक्रिफाइस वगैरे वजा केले की ॲट-बॅट उरतात. हा फरक नीट डोक्यात बसवा, पुढचं सगळं त्यावर उभं आहे. बाकीचे शब्द थोडक्यात: एक धाव म्हणजे तीन बेस ओलांडून घरी, म्हणजे सुरुवातीच्या जागी, परत येणं. फटक्यावर पहिला बेस गाठला तर सिंगल, दुसरा तर डबल, तिसरा तर ट्रिपल. पिचरने, म्हणजे गोलंदाजाने, चार चेंडू बाहेर टाकले की फलंदाजाला पहिला बेस फुकट, तो वॉक. फटका नसताना पळून पुढचा बेस गाठला तर स्टोलन बेस, आणि एकाच चेंडूवर दोघे आउट झाले तर डबल प्ले.

उसनं श्रेय वेगळं काढा

आता काकांचे १३९ आरबीआय. तुमच्या फटक्यावर जितके जण घरी पोचले तितके आरबीआय. पण घरी पोचायला आधी कुणीतरी बेसवर असावं लागतं. पंगतीत जिलेबी वाढणाऱ्याला वाहवा मिळते. आत कढईपाशी घाम गाळणारा कुणाला दिसत नाही. कॅब्रेरा तिसऱ्या क्रमांकावर यायचा, त्याच्या आधी दोघांनी बेस गाठायची खटपट केलेली असायची. ट्राउट बहुतेक वेळा लीडऑफ, म्हणजे पहिल्याच क्रमांकावर. सामन्याच्या सुरुवातीला त्याच्यापुढे बेस रिकामेच, आणि नंतरच्या फेऱ्यांत त्याच्या आधी येणारे ते तळाचे फलंदाज. त्याने पुरुन उरेल असा फटका मारला तरी घरी जाणारा बहुधा तो एकटाच.

हीच कात्री उलट बाजूलाही चालवा. ट्राउटच्या १२९ धावा, म्हणजे तो स्वतः घरी पोचला ती संख्या, लीगमध्ये सगळ्यांत जास्त होती. पण त्यातल्या बऱ्याच त्याच्यामागून येणाऱ्यांनी आणवल्या. म्हणून मी आरबीआय खोडतो तेव्हा या धावाही खोडतो. एकीला पूज्य मानायचं आणि दुसरीला हसायचं, हे चालणार नाही.

ट्रिपल क्राउनबद्दलही इथेच बोलून घेऊ. १९६७ साली कार्ल यास्ट्रझेम्स्कीने तो मिळवला, त्यानंतर तब्बल ४५ वर्षांनी कॅब्रेराने. कौतुक आहेच. पण जॉश हॅमिल्टन आणि कर्टिस ग्रँडरसन त्या वर्षी ४३ होम रनवर थांबले होते. त्यांच्यापैकी एकाने आणखी दोन मारले असते तर मुकुट गेला असता, आणि कॅब्रेराच्या खेळात मात्र तसूभर फरक पडला नसता. दुसऱ्याने काय केलं यावर जी पदवी अवलंबून आहे, तिच्यावरून खेळाडूची किंमत कशी ठरवायची? बाय द वे, सरासरीत कॅब्रेराच्या खालोखाल दुसरा कोण होता? ट्राउटच.

सरासरीतून जे गळतं ते परत आणा

बॅटिंग सरासरी म्हणजे हिट्स भागिले ॲट-बॅट. कॅब्रेरा २०५ भागिले ६२२, म्हणजे ०.३३०. ट्राउट १८२ भागिले ५५९, म्हणजे ०.३२६. बेसबॉलच्या आकड्यांचा पाया घालणारा हेन्री चॅडविक हा इंग्लंडमध्ये जन्मलेला आणि आधी क्रिकेटवर लिहिणारा पत्रकार. आपल्या सरासरीची आणि या सरासरीची नाळ तिथे जुळते. दोन्हींत खोड मात्र वेगवेगळी. आपल्याकडे नाबाद राहून सरासरी फुगते. तिकडे वॉक हिशेबातूनच गायब होतो, जणू तो फलंदाज खेळायला आलाच नव्हता.

दुसरी खोड त्याहून मोठी. सरासरीच्या लेखी सिंगल आणि होम रन एकच. क्रिकेटमध्ये कुणी "याने किती चेंडूंना बॅट लावली" एवढंच मोजून फलंदाज ठरवला तर आपण त्याला वेड्यात काढू.

पहिल्या खोडीवर उतारा आहे ऑन-बेस पर्सेंटेजचा: हिट्स, वॉक आणि अंगावरचे चेंडू मिळवायचे आणि ॲट-बॅट, वॉक, अंगावरचे चेंडू, सॅक्रिफाइस फ्लाय (झेल जाऊनही धाव आणणारे फटके) यांच्या बेरजेने भागायचं. कॅब्रेरा २७४ भागिले ६९७, म्हणजे ०.३९३. ट्राउट २५५ भागिले ६३९, म्हणजे ०.३९९. म्हणजे आउट न होण्यात ट्राउट थोडा पुढे. एका संघाला नऊ इनिंगमध्ये सत्तावीसच आउट मिळतात, तीच खरी शिल्लक. ती कोण कमी उधळतो हे पाहायलाच हवं.

दुसऱ्यावर उतारा स्लगिंगचा. सिंगलला एक, डबलला दोन, ट्रिपलला तीन, होम रनला चार, भागिले ॲट-बॅट. कॅब्रेरा ३७७ भागिले ६२२, ०.६०६. ट्राउट ३१५ भागिले ५५९, ०.५६४. इथे कॅब्रेरा ठळकपणे पुढे. या दोघांची बेरीज म्हणजे ओपीएस. घाईच्या वेळी ठीक आहे, पण दोन वेगळ्या भाजकांचे अपूर्णांक एकमेकांत मिसळायचे हे मला कधीच रुचलं नाही. शिवाय होम रन सिंगलच्या चौपट मोलाचा असतो हे तरी कुणी ठरवलं?

ते मोजता येतं, आणि लोकांनी मोजलंही आहे. हजारो सामने घ्यायचे आणि पाहायचं, प्रत्येक घटनेनंतर त्या इनिंगमध्ये सरासरी किती धावा वाढल्या किंवा घटल्या. त्यातून जी वजनं निघतात ती २०१२ साठी साधारण अशी: वॉक ०.६९, अंगावर चेंडू ०.७२, सिंगल ०.८८, डबल १.२६, ट्रिपल १.५९, होम रन २.०६. म्हणजे होम रन सिंगलच्या चौपट नाही, सव्वादोन पटीच्या जरा वर. आणि वॉक सिंगलपेक्षा थोडाच कमी. या वजनांनी काढलेल्या सरासरीला वोबा म्हणतात. मुद्दाम दिलेले वॉक यातून वगळायचे, वरही आणि खालीही, कारण तो प्रतिस्पर्ध्याचा डाव असतो. कॅब्रेराला असे १७ मिळाले, ट्राउटला ४.

आता कॅल्क्युलेटर काढाच. ट्राउट: ६३ वॉक, ६ अंगावरचे चेंडू, ११७ सिंगल, २७ डबल, ८ ट्रिपल, ३० होम रन. प्रत्येकाला त्याच्या वजनाने गुणा, बेरीज करा. सुमारे २५९ येते. भागिले ६३५, उत्तर ०.४०८. कॅब्रेराचं तसंच केलं तर २८३ आणि वर थोडं, भागिले ६८०, उत्तर ०.४१७. आधीच्या सगळ्या आकड्यांत जे उलटसुलट दिसत होतं ते आता एका मापात आलं: निव्वळ बॅटने कॅब्रेरा किंचित सरस.

सगळं धावांत आणा

घर, सोनं आणि गावाकडची जमीन यांची वाटणी करताना आपण काय करतो? सगळ्यांची किंमत रुपयांत काढतो. इथे रुपया म्हणजे धाव.

त्या वर्षी सर्वसाधारण फलंदाजाचा वोबा ०.३१५ च्या आसपास होता. खेळाडूच्या वोबातून तो वजा करा, १.२५ ने भागा (ही फक्त मोजपट्टी धावांवर आणायची तजवीज) आणि प्लेट अपिअरन्सने गुणा. कॅब्रेरा: सर्वसाधारण फलंदाजापेक्षा सुमारे ५७ धावा जास्त. ट्राउट: सुमारे ४८. फरक नऊ धावांचा, कॅब्रेराच्या बाजूने. यात त्याच्या जास्त संधीही आल्या. ट्राउटला मायनर लीगमधून, म्हणजे खालच्या पातळीच्या स्पर्धांतून, मुख्य संघात २८ एप्रिलला बोलावलं गेलं, त्यामुळे पहिले तीन आठवडे तो नव्हताच. काही ट्राउटभक्त "पण प्रत्येक सामन्यामागे बघा ना" असं म्हणतात ते मला पटत नाही. जो खेळलाच नाही त्या सामन्याचं मोल शून्य. उपलब्ध असणं हेही काम आहे.

मग मैदान. क्रिकेटमध्ये खेळपट्टीचं जे, ते बेसबॉलमध्ये मैदानाचं, कारण मैदानांचा आकार एकसारखा नसतो. डेन्व्हरचं कूर्स फील्ड समुद्रसपाटीपासून सुमारे १,६०० मीटर उंच आहे. विरळ हवेत चेंडू लांब जातो, म्हणून तिथल्या आकड्यांतून हवा काढून घ्यावी लागते. एंजल्सचं ॲनाहाइममधलं मैदान त्या काळात फलंदाजांना जड जायचं, डेट्रॉइटचं तुलनेने बरं होतं. ही दुरुस्ती केलेला ओपीएस प्लस नावाचा आकडा आहे, त्यात १०० म्हणजे सर्वसाधारण. २०१२ मध्ये ट्राउट १६८, कॅब्रेरा १६४. म्हणजे मैदान धरलं तर दर खेपेला दोघे बरोबरीचे, आणि कॅब्रेराची आघाडी उरते ती मुख्यतः जास्त खेळल्याची. मी नऊच्या पाच धावा धरतो. कुणी सहा धरल्या तर भांडणार नाही.

पळण्याचा हिशेब

इथे ट्राउट उजळतो. पहिल्या बेसवर एक जण आणि एकही आउट नाही, अशा स्थितीत संघ त्या इनिंगमध्ये सरासरी ०.९ च्या आसपास धावा करतो. तोच दुसऱ्या बेसवर असेल तर १.१. म्हणजे बेस चोरल्याचा फायदा सुमारे ०.२. पकडला गेला तर बेसही गेला आणि आउटही. उरते जेमतेम पाव धाव. सगळ्या परिस्थिती मिळून पाहिलं तर पकडलं जाण्याचा तोटा सुमारे ०.४ धरतात. म्हणजे तीनपैकी दोन वेळा यशस्वी झालात तर बरोबरी, त्याहून कमी तर घरचं नुकसान. नुसते "पन्नास चोरले" ऐकून माना डोलावू नका, किती वेळा सापडला ते विचारा.

ट्राउट ५४ पैकी ४९ वेळा सुटला. ४९ गुणिले ०.२ वजा ५ गुणिले ०.४, म्हणजे जवळपास ८ धावा. कॅब्रेराच्या चार चोऱ्यांचा हिशेब मांडण्यात अर्थ नाही. याशिवाय सिंगलवर पहिल्यावरून तिसऱ्या बेसवर पोचणं, उंच फटक्याचा झेल गेल्यावर पुढे सरकणं, यातून ट्राउटला आणखी दोन-तीन धावा देता येतील.

डबल प्लेचा आकडा २८ विरुद्ध ७ असा भयंकर दिसतो. पण थांबा. डबल प्लेत सापडायला आधी पहिल्या बेसवर कुणीतरी लागतो, आणि कॅब्रेरापुढे तसे प्रसंग कितीतरी जास्त आले. आरबीआयचं श्रेय "तुला संधी जास्त मिळाली" म्हणून काढून घेतलं, तर इथला दोषही त्याच न्यायाने कमी करायला हवा. एकवीसच्या फरकाची सरळ किंमत सात धावांच्या आसपास होते. मी तीनच धरतो.

फील्डिंग: इथे आवाज खाली आणा

२७ जून २०१२ ला बाल्टिमोरमध्ये जे. जे. हार्डीचा कुंपणापलीकडे निघालेला चेंडू ट्राउटने उडी मारून परत आणला. तो झेल पाहिला नसेल तर आधी तो पाहा आणि मग पुढे वाचा. त्या झेलाची किंमत काढणं सोपं आहे, होम रन वाचला. कठीण आहे ते बाकीच्या शेकडो साध्या चेंडूंचं. कोण दोन पावलं आधीच सरकला म्हणून झेल सोपा दिसला, आणि कोण उशिरा निघाला म्हणून सूर मारावा लागला?

जुना मार्ग म्हणजे चुका मोजणं. तो टाकून द्या. ज्याचा हातच चेंडूपर्यंत पोचत नाही त्याच्या नावावर चूक लागत नाही, हे गल्लीत खेळलेल्या प्रत्येकाला माहीत आहे. त्या काळातल्या दोन मुख्य पद्धती, यूझेडआर आणि डीआरएस, मैदानाचे तुकडे पाडून पाहायच्या की तशा चेंडूंपैकी इतर किती अडवतात आणि याने किती अडवले. एकाच खेळाडूला दोघी वेगवेगळे आकडे द्यायच्या, आणि एका मोसमाचा आकडा तर खूपच हेलकावे खातो. म्हणून माझा नियम असा: एका वर्षाचा फील्डिंगचा आकडा अर्धाच धरायचा. शक्य असेल तर तीन वर्षं पाहायची.

या दोघांत मात्र दिशेबद्दल शंका नव्हती. ट्राउट उत्तम, आणि कॅब्रेरा, जो प्रिन्स फील्डर नावाचा खेळाडू संघात आल्यावर पहिल्या बेसवरून तिसऱ्यावर सरकला होता, सरासरीहून खाली. कोणतीही पद्धत घेतली तरी दोघांतलं अंतर वीस-पंचवीस धावांच्या घरात येतं. अर्धं केलं तर दहा-बारा.

जागेचाही हिशेब असतो. शॉर्टस्टॉपला (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसमधली जागा) किंवा कॅचरला (आपल्या यष्टिरक्षकासारखी जागा) चांगली फलंदाजी करणारा सापडणं दुर्मीळ, पहिल्या बेसला सोपं. त्यामुळे एका प्रचलित मापात पूर्ण मोसमाला कॅचरला १२.५ धावा वाढवून देतात, शॉर्टस्टॉपला ७.५, आणि पहिल्या बेसवाल्याच्या १२.५ कापतात. इथे बऱ्याच जणांची फसगत होते. सेंटर फील्ड, बेसच्या मागच्या मोकळ्या मैदानातला मधला भाग, म्हणजे मानाची जागा, म्हणून ट्राउटला मोठा बोनस, असं ते धरून चालतात. पण सेंटर फील्ड आणि तिसरा बेस दोन्हींना सारखेच २.५ मिळतात, आणि ट्राउट त्या वर्षी लेफ्ट फील्डलाही बराच उभा होता, जिथे उलट धावा कापल्या जातात. म्हणजे जागेच्या खात्यात कॅब्रेराच दोन धावांनी पुढे.

बेरीज, आणि वॉर नावाची ती गोष्ट

एकच गोष्ट राहिली: तुलना कुणाशी? सर्वसाधारण खेळाडूशी तुलना केली तर रोज खेळणारा ठीकठाक माणूस शून्याचा ठरतो, आणि ते खरं नाही. तो जखमी झाला तर त्याच्या जागी सर्वसाधारण खेळाडू येत नाही, मायनर लीगमधून मिळेल तो येतो. त्या "मिळेल त्या" पातळीला रिप्लेसमेंट म्हणतात. खेळाडूने तिच्यापेक्षा किती जास्त विजय मिळवून दिले, तो आकडा म्हणजे वॉर (विन्स अबव्ह रिप्लेसमेंट). फॅनग्राफ्स आणि बेसबॉल-रेफरन्स या आकडेवारीच्या दोन संकेतस्थळांनी २०१३ मध्ये एकमताने ठरवलं की सगळा संघच अशा खेळाडूंचा असेल तर तो ०.२९४ या दराने, म्हणजे १६२ पैकी ४७-४८ सामने जिंकेल. सहाशे प्लेट अपिअरन्सला याच्या साधारण वीस धावा मिळतात, म्हणून जास्त खेळलेल्या कॅब्रेराला आणखी दोन.

आता कागदावर दोन रकाने. कॅब्रेराच्या बाजूने: फलंदाजी ५, जागा २, जास्त खेळ २, एकूण ९. ट्राउटच्या बाजूने: चोऱ्या आणि पळणं १० ते ११, डबल प्ले ३, फील्डिंग अर्धी धरून १० ते १२, एकूण २४ च्या आसपास. ट्राउट १५ धावांनी पुढे. दहा धावा म्हणजे अंदाजे एक विजय, म्हणून दीड विजयाचं अंतर. फील्डिंग पूर्ण धरली तर ते अडीच-तीनवर जातं.

प्रसिद्ध झालेला वॉरही हेच सांगतो: ट्राउट दहाच्या वर, कॅब्रेरा सातच्या आसपास. फरक एवढाच की आता तुम्हाला माहीत आहे, त्या तीनांपैकी किती भाग फील्डिंगच्या भरवशावर उभा आहे. त्या फराळाच्या दिवशी मला हे ठाऊक नव्हतं.

वॉर वापरताना दोन पथ्यं पाळा. एक, अर्ध्या विजयाच्या फरकावरून कुणाला कुणाच्या वर ठेवू नका, ६.२ आणि ५.८ यांत हिशेबाच्या चुकीहून मोठं काही नसतं. दुसरं, कुणाचा वॉर ते सांगा. फॅनग्राफ्सचा आणि बेसबॉल-रेफरन्सचा हिशेब वेगळा, आणि प्रत्येक खेळाडूसाठी जो सोयीचा तो उचलणं म्हणजे दोन तराजू ठेवणाऱ्या वाण्याचा धंदा.

पिचरच्या बाबतीत तर हे आणखीच जपावं लागतं. एकजण पिचरला त्याने दिलेल्या धावांवरून तोलतो. दुसरा फक्त स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइक, म्हणजे हुकलेले किंवा नीट टप्प्यातले चेंडू, होऊन आउट), वॉक, अंगावरचे चेंडू आणि होम रन यांवरून, कारण बाकी चेंडूंचं काय होतं ते मागच्या फील्डरांवरही ठरतं. पिचरच्या नावापुढचे विजय-पराजय मात्र खुशाल विसरा. २०१८ मध्ये जेकब डिग्रॉम १० विजय, ९ पराभव असा होता, पण त्याचा ईआरए, म्हणजे नऊ इनिंगमागे त्याने दिलेल्या धावांची सरासरी, १.७० होता, आणि सर्वोत्तम पिचरचा साय यंग पुरस्कार त्यालाच मिळाला. संघाने त्याच्यासाठी धावाच केल्या नाहीत, त्याला तो काय करणार?

"पण ऐन वेळी कोण खेळला?"

हा प्रश्न येणारच, आणि तो फालतू नाही. मोसमाच्या शेवटच्या टप्प्यात कॅब्रेरा तापला होता आणि ट्राउट थोडा मंदावला होता. टायगर्सने त्यांचा विभाग जिंकला, एंजल्स आपल्या विभागात तिसरे राहिले.

उत्तर दोन भागांत द्या. एप्रिलमधला विजय आणि सप्टेंबरमधला विजय तक्त्यात सारखाच लिहिला जातो. ट्राउट आला तेव्हा एंजल्स ६ विजय, १४ पराभव अशा गाळात होते. शेवटी त्यांनी ८९ जिंकले. टायगर्सनी ८८. एक सामना जास्त जिंकूनही एंजल्स पुढच्या फेरीत न जाता घरी बसले, कारण त्यांचा विभाग अवघड होता. शेजारच्या संघांची ताकद कॅब्रेराच्या खात्यात कशी जमा करायची?

दुसरा भाग असा. तुम्ही सुरुवातीला दुसरा प्रश्न निवडला असेल, संघाचं सगळ्यांत जास्त भलं कुणी केलं हा, तर अटीतटीच्या प्रसंगी केलेल्या खेळाला जास्त वजन देणं रास्त आहे. त्यासाठी विन प्रोबॅबिलिटी ॲडेड नावाचं माप आहे, प्रत्येक खेळीने विजयाची शक्यता किती हलली ते मोजणारं. ते वापरा. पण मग ते पूर्ण मोसमाला लावा, लक्षात राहिलेल्या चार होम रनला नाही. आणि त्यावरून "याच्यात ऐन वेळी खेळायचा गुणच आहे" असा निष्कर्ष काढू नका. जे घडलं त्याचं मोल वेगळं आणि पुन्हा घडेल याची खात्री वेगळी.

वाद घालताना

समोरच्याला आधी विचारा: कोणता आकडा दिसला तर तुमचं मत बदलेल? "कुठलाच नाही" असं उत्तर आलं तर विषय बदला, लाडू घ्या. आपला सगळ्यांत कमकुवत दुवा आपणच आधी सांगा. मी आता फील्डिंगचा सांगतो आणि त्याने समोरच्याचा निम्मा जोर ओसरतो. कॅब्रेराला मत देणाऱ्यांना अडाणी म्हणू नका. निव्वळ बॅटची तुलना केली तर त्यांच्या बाजूला आधार होता, तो आपण वर आकड्यांनीच पाहिला.

सरावासाठी ताजं उदाहरण घ्या. २०२५ मध्ये यांकीजच्या ॲरन जजने ०.३३१ सरासरीने ५३ होम रन मारले. सिएटलच्या कॅल रॉलीने ६० मारले, सरासरी जेमतेम ०.२४७, पण तो कॅचर. मतदारांनी जजला १७ आणि रॉलीला १३ पहिल्या पसंती दिल्या. वरच्या सगळ्या पायऱ्या करा आणि कॅचरच्या १२.५ धावांपाशी जरा रेंगाळा, कारण रॉली काही सामन्यांत नुसताच डेसिग्नेटेड हिटर, म्हणजे फील्डिंग न करता फक्त फलंदाजी करणारा, होता. त्या दिवसांच्या धावा त्याला वाढवून द्यायच्या नाहीत, उलट कापाव्या लागतात. मग फॅनग्राफ्स कॅचरच्या फ्रेमिंगचं, म्हणजे सीमेवरचा चेंडू अंपायरकडून स्ट्राइक वदवून घेण्याच्या कसबाचं, श्रेय देतं आणि बेसबॉल-रेफरन्स देत नाही, हे ध्यानात घ्या. दोघांकडे जजच पुढे आहे, पण एकीकडे अंतर साधारण एका विजयाचं आणि दुसरीकडे दोनाहून जास्त. मी बेरीज केली तेव्हा माझ्याकडेही जजच पुढे निघाला. काकांना फोन करून सांगितलं. ते म्हणाले, "बरं. आणि फील्डिंग किती धरलीस, अर्धी की पूर्ण?"